बिनब्रेकची

अतीकने पाना फिरवून दुसरा ब्रेकही सोडवला आणि त्याचा लिव्हर माझ्या हातात दिला. उन्हात राहिलेल्या चमच्यासारखा तो कोमट होता. मी तो खिशात टाकला, पेडलांवर चढले, हँडल धरलं, आणि दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी आपणहून पुढे होऊन जिथे लिव्हर असायचे तिथे चाचपलं. तिथे हवा होती. झालं ते एवढंच. सायकल जागची हललीसुद्धा नव्हती, अतीकने ती मागून धरलेली होती, जमीन वीतभर खाली होती. तरी माझ्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. मी बोटं परत मुठीत घेतली. ती पुन्हा बाहेर आली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाची तरी बोटं असावीत, आणि त्यांना अजून कुणी काही कळवलं नसावं, तशी ती वाट बघत होती.

"काय ग, उतरतीस का चालवतीस?" अतीक मागून म्हणाला. "माझा हात दुखायला की."

"थांब जरा."

"थांब थांब करत बसली तर ऊन चढंल. आणि हे बघ, आता थांबायचं म्हणजे तुझं तुलाच थांबायचंय. ब्रेक गेले कबाडात."

ब्रेक काढायचं कारण साधं होतं. या सायकलीच्या ब्रेकचे पॅड सोलापुरात मिळत नाहीत, पुण्याहून मागवले तर महिना जातो, आणि आता ते इतके झिजले होते की दाबल्यावर मांजराचं शेपूट चेंगरल्यासारखा आवाज येई. त्यात अतीकने मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी पोरांचे व्हिडिओ पाहिले होते. ती पोरं अशाच सायकली ब्रेक मुळापासून काढून टाकून चालवतात, भिंतीवरून उडी घेतात, उलटी मागे येतात, आणि सगळं फक्त अंगाच्या झोकावर सांभाळतात. आमच्याच गल्लीत वाढलेला अतीक ट्रकच्या बॉड्या बांधायच्या वर्कशॉपात वेल्डिंग करतो आणि रविवारी आमच्या घरामागच्या बंद गिरणीच्या मोकळ्या जागेत या सायकलीवरून चौथऱ्यावर उड्या मारतो. ही ट्रायल्सची सायकल. हिला सीट नसते. बसायचंच नसतं, उभंच राहायचं. चाकं लहान, फ्रेम गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकलेली, गिअर एकच आणि तोही इतका हलका की सरळ रस्त्यावर ही पायी चालणाऱ्याच्याही मागे राहील. दगडावर चढणं, कठड्यावरून उतरणं आणि जागच्या जागी उभं राहणं, यासाठीच ती केलेली आहे. पहिल्यांदा मी ती आमच्या अंगणात टेकवली तेव्हा आईने तिच्याभोवती एक फेरी मारली होती. आई माळशिरसकडची, लग्न होऊन सोलापूरला आली त्याला तीस वर्षं लोटली, पण बोलणं गावातच राहिलं आहे.

"बसायचं कुटं ह्याच्यावर?"

"बसायचं नसतं आई."

"आन् घंटी? चिखलपट्टी? क्यारेज?"

"काहीच नसतं."

"मग हाय काय ह्याच्यात? दोन चाकं आन् एक काठी. ह्याला पैकं दिलं त्या पोरानं?" आणि मग आवाज उतरवून, "डाक्टरला इचारलंस का?"

डॉक्टरांना मी विचारलं होतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी जागी झाले तेव्हा खोली डावीकडून उजवीकडे वाहत होती. हे मी नीट पाहिलं. मला तशी सवय आहे, रसायनशास्त्र शिकताना लागलेली. पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरचं पाल बसायचं ठिकाण, सगळं एकाच दिशेने वाहत जाई आणि झटक्यात परत जागेवर येऊन पुन्हा वाहू लागे, पण पुढे मात्र काहीच सरकत नसे. डोळे मिटले तर मी स्वतः वाहत होते. मी उठून उभी राहिले आणि डावीकडे कोसळले, कपाटाचा कोपरा खांद्याला लागला, आणि आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. डाव्या कानाच्या आतली तोलाची नस सुजली होती. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवलं: द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या, प्रत्येक कानात तीन, डोकं वळलं की द्रव मागे राहतो, आणि तो मागे राहिला यावरूनच मेंदूला कळतं की आपण वळलो. मला ते फार आवडलं. इतकं मळमळत असतानाही आवडलं. आपण हललो हे आपल्याला आपल्या आत मागे राहिलेल्या गोष्टीवरून कळतं. ही नस पुन्हा पहिल्यासारखी होईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले, पण मेंदू शिकतो. त्याला शिकायला लावायचं. घरात बसून राहिलात तर तो आळशी होईल. मी सायकलचं विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. हेल्मेट घालून, मैदानात, सोबत कुणीतरी असताना, आणि रस्त्यावर अजिबात नाही, असं म्हणाले.

चिंचोळी एमआयडीसीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथे माझं काम वर असायचं. कारखान्यांच्या धुरात काय काय आहे ते मोजायला धूर चिमणीच्या अंगातूनच घ्यावा लागतो. चिमणीला बाहेरून लोखंडी शिडी असते, सरळ उभी, भोवती कड्यांचा पिंजरा. वर उभं राहण्यापुरती एक जाळीदार पट्टी, आणि तिथे चिमणीच्या पोटात एक झाकण लावलेलं भोक. कमरेचा सुरक्षेचा पट्टा अडकवायचा, झाकण उघडायचं, नळी आत घालायची आणि पंप चालू करून थांबायचं. मुलींना वर पाठवत नाहीत, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं होतं. मग मी इतकं टुमणं लावलं की एके दिवशी आमचे जोतिराम सर वैतागून म्हणाले, चढ बाई, पण खाली बघू नकोस. मी खालीच बघितलं. मोहोळच्या बाजूला उसाच्या हिरव्या चौकटी, हायवेवरचे ट्रक, पत्र्याची छपरं, पलीकडे धुरकट सोलापूर. आणि वाऱ्याने चिमणी किंचित झुलत होती, बोटाच्या पेराएवढी, आणि मीही तिच्याबरोबर झुलत होते. भीती वाटली नव्हती. आपण तिथलेच आहोत असं वाटलं होतं. आजारपणानंतर मी खाली, टेबलाशी. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, आकडे भरते. वर बसप्पा जातो. तो बिचारा मला विचारून जातो, "मॅडम, जाऊ का?" जणू माझ्या घरात शिरतो आहे. परवा शुक्रवारी जोतिराम सरांनी मला बाजूला बोलावलं.

"ऋतुजा, मी घाई करत नाही. पण एक तारखेपासून चिमणीवर कोण, ते मला कळवायचंय. बसप्पाचं नाव एकदा गेलं की गेलं. मग तुझी लॅबमध्ये कायमची सोय होईल. वाईट काय त्यात? सावलीत काम."

"सोमवारी सांगते सर."

"सांग. फक्त हो म्हणायचं म्हणून हो म्हणू नकोस. वर मी नसतो धरायला."

सरांनी विचारायच्या कितीतरी आधी, ब्रेक काढला त्या सकाळीही मला हेच तपासायचं होतं, मी पुन्हा वर जाऊ शकते का. अतीकला मोबाइलवर टाकायला रील हवं होतं. मला उत्तर हवं होतं. कारण ब्रेक असताना मी फसवत होते, आणि ते माझ्या लक्षात आलं होतं. दिवाळीनंतर मी भिंतीला हात लावत गल्लीतून चालत होते तेव्हा अतीक या सायकलीवर आमच्या दारासमोर उभा होता. पुढे जात नव्हता, पाय टेकत नव्हता, नुसता उभा. आणि चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवावं तसा पुढच्या चाकाकडे बघत होता. डोळे मिटून दोन पायांवर उभं राहणं ज्या दिवसांत मला जमत नव्हतं, त्या दिवसांत एक माणूस दोन चाकांवर, चाकं न फिरवता, उभा होता. मी तिथेच म्हटलं, मला शिकव. तो म्हणाला, पडशील की. मी म्हटलं, मी तशीही पडते. मग थंडीभर मी शिकले. पेडल आडवी धरायची, गुडघे सैल, ब्रेक घट्ट, आणि अंग दोन्ही बाजूंना तोलत राहायचं. मला ते इतक्या लवकर यायला लागलं की अतीकला आश्चर्य वाटलं. मग एकदा माझी बोटं मला दिसली. नखं पांढरी पडलेली. ब्रेक दाबला की सायकल खुर्ची होते. तिच्यावर थोडा वेळ कुणीही उभं राहील. माझं शरीर डाव्या कानाचं काम बोटांकडून करून घेत होतं, आणि मी घरी येऊन आईला सांगत होते की आता बरीच सुधारणा आहे.

"सोडू?" अतीकने विचारलं.

"सोड."

त्याने सोडलं. आम्ही गिरणीच्या जुन्या गोदामाच्या चौथऱ्यावर होतो. गोदाम केव्हाच पाडलेलं आहे, चौथरा राहिला आहे, आणि त्यावर माल चढवायला केलेला सिमेंटचा उतारही. सायकल उताराच्या तोंडाशी आली आणि उताराने ती आपल्याकडे घेतली. फार वेग नव्हता. एखादी बाई भाजीची पिशवी घेऊन जितक्या घाईत चालेल तितकाच. पण तो वेग माझा नव्हता. आणि तेव्हा, मी काही ठरवण्याच्या आधी, माझा उजवा पाय पेडलवरून उचलला गेला, पुढे गेला, आणि बुटाचा तळ पुढच्या टायरवर दाबला गेला.

ही गोष्ट फक्त आमच्या गल्लीतल्या मुलांच्या हातून होऊ शकते. शास्त्रीनगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गैबीसाबचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकल मिळे. पाळण्यातलं पोर आणि लग्नाचा मुलगा यांच्या मधले आम्ही सगळे त्याच्याकडे रांगेत उभे असायचो. त्याच्या सायकलींना कुठलाही ब्रेक नसे. लहान लाल, मोठी काळी, एक बिनदांडीची लेडीज जिच्यासाठी अतीकची बहीण कौसर आणि मी भांडायचो, एकीलाही नसे. यामागे काही शहाणपण होतं असं मला पुढे कॉलेजात वाटायला लागलं होतं, मुलांनी पुढे बघून चालवावं, वेग आवरता यावा वगैरे. पण अतीकने ती समजूत मोडली. ब्रेकचे रबर पोरं नखांनी उपसून खोडरबर म्हणून वापरायची, म्हणून गैबीसाबने वैतागून सगळे ब्रेक काढून भंगारात घातले, इतकंच. "किसके बाप का ब्रेक है रे?" असं तो दिवसातून कितीदा तरी ओरडत असे, ब्रेक उरलेच नव्हते तेव्हासुद्धा. मग थांबायचं कसं, तर चपलेने. उजवा पाय पुढे काढायचा आणि पुढच्या चाकाच्या चिमट्यामागून टायरवर तळ दाबायचा. खर्रर्र असा आवाज, रबर जळल्याचा वास, आणि घोट्यापर्यंत येणारी एक गरम थरथर. ती थरथर मला इतकी आवडायची की मी थांबायचं नसतानाही चप्पल लावत असे. सगळ्या मुलांच्या उजव्या चपलेला तळाशी आडवी खाच पडलेली असायची. आया पोरांना विचारायच्या नाहीत; संध्याकाळी दारातल्या चपला उलट्या करून बघायच्या. खाच ताजी असेल तर आत आल्या आल्या पाठीत धपाटा. आमची आई तर नवी चप्पल आणली की आधी डाव्या पायाची जपायला सांगायची, उजवीची आशा तिने सोडली होती.

त्या चाकांची उंची मोठी, चिमटा रुंद, तिथे चपलेला जागा होती. या सायकलीचं चाक लहान, चिमटा टायरला चिकटलेला. माझा बूट फटीत गेला, अडकला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मागचं उचललं गेलं. मी हँडलवरून पुढे गेले, हातांवर पडले, हेल्मेट सिमेंटला टेकलं. तळहात सोलले. काही क्षण आकाश वाहत राहिलं आणि मग थांबलं. मी त्याच्या थांबण्याकडे लक्ष ठेवून पडून होते. अतीक धावत आला आणि माझ्या अडकलेल्या बुटाकडे पाहिल्यावर हसत खालीच बसला.

"गैबीसाबची शाळा! अग, मी पण हेच केलं होतं पहिल्या दिवशी. हे बघ." त्याने हनुवटी वर केली, दाढीत एक पांढरी रेघ होती. "वर्कशॉपात सगळे विचारतात मारामारी झाली का. मी म्हणतो हौ, झाली."

"सांगायचं नाही का मग आधी?"

"मला वाटलं तू शिकलेली. विसरली असशील."

मीही हसले. पण बूट सोडवताना मला रडू येईल असं वाटलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. इतकी वर्षं तो पाय तिथेच होता. मी दहावी झाले, बी.एस्सी. झाले, पुण्याला जाऊन एम.एस्सी. केलं, स्कूटर शिकले, आजारी पडले, भिंती धरून चालले; आणि त्या सगळ्याच्या खाली तो पाय, टायर पुढे आलं की उचलला जायला तयार, वाट बघत होता. मग बाकीचंही असेल का? त्या पायाला सांभाळणारं ते सगळं अंग? पाय टायरवर गेला की उरलेलं शरीर एका पेडलवर तोललेलं असायचं, मागे कॅरिअरवर कौसर, तिचा एक हात माझ्या पाठीवर सपाट ठेवलेला, आणि ती कानाशी ओरडत असायची, "कुत्रा! कुत्रा! ऋतू, डावीकडं!" आणि मी वळायचे. कशी वळायचे? विचार न करता. त्या हाताची ऊब पाठीवर नेमकी कुठे असायची ते मला अजून सांगता येईल, उजव्या खांद्याच्या हाडाच्या खाली. कौसर आता करमाळ्याला असते, तिला दोन मुलं आहेत, आणि अतीक म्हणतो ती मुलांना सायकलवर बसूसुद्धा देत नाही. दुकानाच्या जागी मोबाइलचे कव्हर विकतात. गल्लीला उतार होता असं आठवतं. आता चालताना तो लागत नाही. रस्ता दोनदा वर आला तेव्हा बुजला असेल, किंवा लहानपणीच्या पायांनाच तो उतार वाटत असेल. एकदा मी मुद्दाम मोबाइलवर पातळी मोजायचं ॲप उघडून तो रस्त्यावर ठेवून पाहिला. किंचित होता. मला बरं वाटलं.

पुढचे रविवार आणि मधल्या सकाळी मी उताराच्या पायथ्याशी काढल्या. अतीक म्हणाला होता, खाली जायचं नाही, वर तोंड करायचं. जिथे सपाट जमीन संपून चढ सुरू होतो तिथे पुढचं चाक टेकवायचं, थोडं तिरकं वळवून. मग पेडलवर किंचित जोर दिला की सायकल चढावर जाते; जोर सैल केला की चढ तिला मागे ढकलतो. थांबवणारं काही नाही. पुढे आणि मागे, पुढे आणि मागे, आणि या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते जिथे ती कुठेच जात नाही. तिथे राहायचं. अतीकला हे नीट सांगता येत नसे. तो म्हणे, "अंगात लिफ्ट आल्यासारखं होतं बघ, तेवढ्यात पकडायचं." मी त्यावर विचार करी, वजनाचा बिंदू, आधाराची रेषा, चाक वळवल्यामुळे ती रेषा कुठे सरकते. "लई विचार करती तू," अतीक म्हणायचा, "सायकलला कळतं, बाई विचार करायली, आणि ती पाडती." सुरुवातीला मी लगेच पाय टेकत असे, नेहमी डावा. डावीकडे जग थोडं मऊ होतं. त्या बाजूला झुकायला लागले की झुकते आहे हे मला उशिरा कळे, डोळ्यांनी कळे. सिमेंटवरची एक भेग जरा तिरकी झालेली दिसे आणि मग मी स्वतःला सावरत असे. उजवीकडे मात्र कळणं आधी येई. म्हणजे मी अर्धी आतून तोल सांभाळत होते आणि अर्धी बाहेरून बघून. असं कुणाला सांगणार? आईला म्हटलं तर ती म्हणाली, "बघूनच सांभाळ की मग. आमी काय डोळं झाकून चालतो व्हय?"

आणि मग कालचा रविवार. आज उद्या करता करता सोमवार दाराशी आला होता. सकाळचं ऊन तिरपं होतं, गिरणीच्या भिंतीवर बाभळीची सावली, पलीकडच्या घरातून यंत्रमाग चालू झाल्याचा खटखट आवाज. अतीक लांब एका दगडावर बसून मोबाइल बघत होता. मी चढाच्या तोंडाशी चाक टेकवलं, पेडलांवर उभी राहिले आणि पुढे गेले, मागे आले, पुढे गेले, आणि ती जागा आली. तिथे मी राहिले. सायकल थांबलेली होती म्हणणं बरोबर नाही. ती इतकी बारीक हलत होती की ते हलणं बाहेर कुणाला दिसलं नसतं, केसाएवढं पुढे, केसाएवढं मागे, आणि माझे गुडघे, कंबर, खांदे ते एकमेकांना देत होते, परातीत पाणी घेऊन चालताना देतात तसं. बोटं मुठीत होती. ती बाहेर आलेली नव्हती, आणि आली नाहीत हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. मला खालची भेग दिसत होती, पण मी तिच्याकडे बघत नव्हते. तळपायातून काहीतरी वर येत होतं. हे मी ओळखत होते. पाठीवर उजव्या खांद्याखाली ऊब होती. ती उन्हाची होती, हे मला माहीत होतं, तरी ती सपाट पंजाएवढीच होती. चिमणीवरचा वारा आठवला, पट्टीच्या जाळीतून दिसणाऱ्या हिरव्या चौकटी, बोटाच्या पेराएवढं ते झुलणं. मी बरी झाले, असं मला वाटलं. साधं, सरळ. मी मनात जोतिराम सरांना सांगूनही टाकलं. हो सर. मी येते. त्यांचा चेहराही दिसला, खूश न होण्याचा प्रयत्न करणारा. आणि वाटलं, हे सगळं आत होतंच, कुठे गेलं नव्हतं. एका नसेवर काही अवलंबून नसतं. जे लहानपणी अंगात उतरतं ते कानात थोडंच राहतं.

"ऋतू!" अतीक ओरडला. "अग, आली की तुला! बघ इकडं, काढतो!"

तो दगडावरून उठून कधीतरी माझ्या डाव्या बाजूला आला होता, मोबाइल समोर धरून. मी वळून बघितलं. हसतच बघितलं. डोकं वळलं आणि जग वळायला उशीर झाला. फार नाही, दार लावताना पडदा जरा मागे राहावा इतकाच. पण तेवढ्या वेळात अतीकचा चेहरा पुसल्यासारखा झाला, त्याला दोन कडा आल्या, आणि मी कुठे आहे हे मला कळेनासं झालं. बोटं बाहेर आली आणि हवेत मिटली. मग कंबरेवर जमीन आली.

सायकल माझ्या पायांवर होती. मागचं चाक टिकटिक करत फिरत होतं. मी आधी चाकाची कड बघितली, मग भिंत, मग बाभळीची सावली. एकेक वस्तू आपल्या जागी येऊन बसेपर्यंत थांबले. ब्रेक असते तर मी पडले नसते. ब्रेक दाबून, मान हळूच वळवून, अतीकच्या रीलमध्ये छान हसले असते, आणि आज सोमवारी हो म्हटलं असतं. शिडीवर कुणी हाक मारली असती. हाक मारतातच, खालून पंपवाला मारतो, शेजारच्या पट्टीवरून फिटर मारतो, मॅडम, झालं का? आणि माणूस वळून बघतो. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की भीतीसुद्धा वाटली नाही. त्या वरच्या जागेचं मात्र वाईट वाटलं. सुरुवातीला मी फार खाली बघत असे, म्हणून तिथून काय काय दिसतं ते मी अजून पुरतं पाहिलेलं नव्हतं.

अतीक जवळ आला तेव्हा मी फोन काढला होता. त्याला हाताने थांब म्हटलं. सोमवारपर्यंत ठेवलं असतं तर मी काहीतरी कारण शोधलं असतं.

"सर, मी ऋतुजा. चिमणीवर बसप्पाचं नाव द्या."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. रविवार होता, सर घरी होते. "नक्की?" त्यांनी विचारलं. "अग, मी तुझं नाव लिहून ठेवलं होतं. शुक्रवारी तू चालताना बघितलं मी, मला वाटलं झाली की बरी."

"मलाही वाटलं होतं."

"कधीच नाही म्हणतेस का?"

"ते मला माहीत नाही सर. एक तारखेला नाही."

"बरं. आवाज असा का येतोय? कुठे आहेस?"

"सायकलवरून पडलेय."

"सायकलवरून? आता, या वयात?" ते हसले आणि मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. "जप. उद्या ये, बोलू."

मी फोन ठेवला. तळहाताला माती चिकटली होती, आधीची खपली निघाली होती. अतीक उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटत होतं त्याच्यामुळे झालं.

"माझी हाक लागली तुला," तो म्हणाला. "आई शप्पत, मला वाटलं तू आता... इतका वेळ मी पण नाही थांबलो कधी बिनब्रेकचं. कुणाला फोन केली? आईला सांगितलीस काय? ती मला झाडूनं मारती बघ."

"ऑफिसला."

"सुट्टी टाकली?"

"तसंच काहीतरी."

त्याने सायकल माझ्या पायांवरून उचलली, हँडल सरळ केलं, चाक फिरवून बघितलं. म्हणाला, चल, घरी सोडतो, चहा पिऊ. मी उठले. कंबर ठणकत होती. उभी राहिल्यावर जमीन जरा वाट बघून सपाट झाली. मी त्याच्या हातातून सायकल घेतली आणि पुन्हा चढाच्या तोंडाशी नेली.

"आता काय?" तो म्हणाला. "पुरे की. जमलंय तुला."

"नाही जमलं. तू तिकडे जा, दगडाच्या अलीकडे. आणि मोबाइल खिशात ठेव."

"काढायचं नाही मग?"

"नाही. मी उभी राहिले की हाक मार. डावीकडून मार. आणि मी नको म्हणेपर्यंत मारत राहा."

तो डोकं खाजवत गेला. मी पेडलांवर चढले. पुढे, मागे, पुढे.

"ऋतू!"